अण्णांचा ॲम्प्लिफायर बेंगळूरुला कसा पाठवू?

प्रश्न: कराडजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील, अण्णा, पूर्वी लाऊडस्पीकर भाड्यानं देत. लग्नं, जत्रा, गणपती, ग्रामपंचायतीच्या सभा, सगळीकडे त्यांचाच भोंगा. सत्तरच्या दशकात त्यांनी स्वतःच्या हातानं व्हॉल्व्हचा (म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) एक ॲम्प्लिफायर बांधला, तो अजूनही वाजतो. गेल्या वर्षी अण्णा गेले. धाकटा भाऊ बेंगळूरुला असतो. तो म्हणतो, यंदा घरच्या गणपतीत अण्णांचाच ॲम्प्लिफायर लावायचा, पाठवून दे. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन भरलं २६ किलो. कुरियरवाला म्हणतो, “पॅकिंग आम्हीच करतो, फ्रॅजाईलचा स्टिकर लावतो, इन्शुरन्स काढा आणि निवांत झोपा.” पण शेजाऱ्यांचा टीव्ही असाच निवांतपणे फुटून आला होता. ताई विचारतात: “सगळ्यात भरवशाची कुरियर कंपनी कोणती? आणि वाटेत काही झालं तर भावाला काय तोंड दाखवू?”

ताई,

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. भीड पडते म्हणून नव्हे; त्या नावानं तुमचं काम होणार नाही म्हणून. तुमच्या दारातून खोका उचलणारा पोरगा वेगळा, टेम्पोवाला वेगळा, कराडच्या गोडाऊनमधला हमाल वेगळा. पुढे मोठं गोडाऊन, रात्रीचा ट्रक, बेंगळूरुचं गोडाऊन, तिथला टेम्पो, आणि शेवटी भावाच्या इमारतीचे जिने. पावतीवर नाव एकच असतं, पण चढ-उतार सहा-आठ वेळा होते आणि दर वेळी हात बदलतात. त्यातला एखादा माणूस त्या रात्रीचा दोनशेवा खोका उचलत असतो. तो वाईट नसतो, दमलेला असतो. रात्री दोन वाजता ट्रकच्या पोटात स्टिकर वाचण्याइतका उजेडही नसतो.

तेव्हा भरवशाचे हात शोधू नका. खोका एकदा तरी कमरेच्या उंचीवरून पडणार, एकदा आडवा होणार, आणि त्याच्यावर कुणीतरी दुसरं जड काहीतरी ठेवणार, असं धरून चाला. हे तिन्ही सोसेल असं बांधलं तर कुठलीही कंपनी चालेल. तसं बांधलं नाही तर कुठलीच चालणार नाही.

मी तीस वर्षं व्हॉल्व्हची यंत्रं दुरुस्त करतोय. पुण्यात तापकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे आणि घरच्या टेबलावर काम करायचं, असा माझा संसार. परगावाहून येणारी यंत्रं मी स्वतः उघडतो, म्हणून एक सांगतो: जड यंत्राला बाहेरचा धक्का मोडत नाही, त्याचं स्वतःचंच वजन मोडतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक ॲम्प्लिफायर आला. बबल रॅपचे इतके वेढे की गादीच गुंडाळून पाठवली आहे असं वाटावं. खोक्याला ओरखडा नाही, कोपरा दबलेला नाही. आत मात्र मोठा ट्रान्सफॉर्मर बुडातून उपटून आला होता. चासीचा, म्हणजे यंत्राच्या सांगाड्याचा, पत्रा भाजलेल्या पापडासारखा वर वळला होता, आणि सुटलेला ट्रान्सफॉर्मर वाटेत सगळ्या व्हॉल्व्हवर लोळून आला होता. पाठवणारा फोनवर म्हणाला, “अहो, पण खोका तर नवा कोरा आहे ना?” होता की.

याचं गणित साधं आहे. खोका ६० सेंटिमीटरवरून पडला आणि आतल्या फोमनं त्याला ५ सेंटिमीटरच्या अंतरात हळूहळू थांबवलं, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण बारा पट जोर येतो. ५ किलोचा ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी ६० किलोसारखा ओढतो. चार जाड बोल्ट हे सोसतात. तोच खोका अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबला, म्हणजे खाली फोम नाही किंवा असलेला फोम चपटा झालाय, तर जोर एकशेवीस पट. ५ किलोचे ६०० किलो. त्यापुढे पत्रा काय टिकणार!

आता बबल रॅपकडे बघा. तो ओरखडे वाचवतो, चिनी मातीचा कप वाचवतो. २६ किलोच्या खाली मात्र त्याचे फुगे दोन दिवसांत बसतात. थर्माकोलचे मणी त्याहून वाईट: जड वस्तू हादऱ्यांनी त्यांच्यातून खाली खाली सरकत तळाला टेकते आणि मणी वर येतात. वर्तमानपत्राचे बोळेही तसेच दबतात. कुरियरवाल्याचं पॅकिंग बहुतेक या तिन्हींपैकी एखाद्याचं असतं. मग बाहेर तीन पदरी खोका आणि ब्राऊन टेपचे चार वेढे, की झालं.

तुम्ही याच्या उलट करा. आत घट्ट, बाहेर मऊ, आणि सगळ्यात बाहेर कडक.

आधी यंत्र चोवीस तास प्लगमधून काढून ठेवा. व्हॉल्व्हच्या यंत्रात चारशेच्या पुढे व्होल्टेज असतं आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ ते साठून राहतं. म्हणून खालची प्लेट तुम्ही स्वतः उघडू नका, ताई, अण्णांची लेक असलात तरीही. व्हॉल्व्ह मात्र वरून निघतात. काढण्याआधी मोबाइलवर वरून एक फोटो घ्या आणि प्रत्येक जागेला कागदी चिकटपट्टीवर आकडा लिहा. मोठे व्हॉल्व्ह बुडाच्या काळ्या टोपीला धरून, अगदी किंचित हलवत सरळ वर काढायचे. काच धरून ओढायचं नाही. छोटे पूर्ण काचेचेच असतात, ते न वाकवता सरळ उपसायचे. प्रत्येकाला बबल रॅपचा एक वेढा द्या (इथे मात्र तो कामाचा) आणि ९ वॉटच्या एलईडी बल्बच्या रिकाम्या खोक्यात उभा ठेवा. इलेक्ट्रिकच्या दुकानात मागितलीत तर अशी खोकी फुकट मिळतील. बल्बच्या खोक्यावरही तोच आकडा लिहा. ही खोकी ॲम्प्लिफायरबरोबर जाणार नाहीत. ती वेगळी, एखाद्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातातल्या पिशवीतून जाऊ द्या.

मग गावातला सुतार आणि एखादा रेडिओ मेकॅनिक, दोघांना एकाच दिवशी बोलवा. यंत्राच्या रबरी पायांचे स्क्रू काढले की तीच भोकं वापरून चासी बारा एमएम प्लायच्या तुकड्यावर बोल्टनं आवळता येते. बोल्ट आत किती जातो हे मेकॅनिकनं बघायचं, कारण लांब बोल्ट आत जाऊन एखाद्या वायरला टेकला तर वेगळंच महाभारत. ट्रान्सफॉर्मरचे नट तिथल्या तिथे आवळून घ्या. दोन ट्रान्सफॉर्मरच्या मध्ये मोकळी जागा असेल तर तिथे कडक फोमचा ठोकळा ठोकून बसवा. प्लायसकट हे सगळं पाच पदरी खोक्यात असं बसवा की खोका हलवल्यावर काहीही हललं नाही पाहिजे. आवाज आला किंवा हाताला धक्का जाणवला तर परत उघडा. मी दोनदा उघडतो.

या खोक्याच्या बाहेर फोम येतो. पांढरा, दाट, ज्याला बाजारात ईपीई म्हणतात तो. गादीतला स्पंज नको. हाताच्या टाचेनं जोर देऊन दाबला तर थोडा दबला पाहिजे आणि लगेच परत आला पाहिजे. आता एक गोष्ट उलटी वाटेल: तळाला फोमची अखंड चादर घालू नका. वजन सगळीकडे पसरलं की फोम दबतच नाही, फळीसारखा वागतो, आणि धक्का जसाच्या तसा आत जातो. आठही कोपऱ्यांना मुठीपेक्षा थोडे मोठे ठोकळे लावा, निदान ५ सेंटिमीटर जाडीचे. त्याबाहेर सुतारानं केलेली नऊ एमएम प्लायची पेटी. पेटी स्क्रूची हवी, खिळ्यांची नको, म्हणजे भावाला ती पहारीनं फोडावी लागणार नाही. आणि तळाला दीड-दोन इंच उंचीच्या दोन पट्ट्या. या पट्ट्या लोक हमखास विसरतात. पेटी खाली ठेवताना बोटं चेपायची वेळ आली की माणूस शेवटचे चार इंच हात सोडूनच देतो. आपणही घरी कपाट असंच ठेवतो, नाही का?

अशी पेटी चाळीस किलोच्या आसपास जाईल. घाबरू नका, हे सोयीचं आहे. पंचवीस किलोचा खोका एक दणकट माणूस फेकू शकतो. चाळीस किलोच्या पेटीला दोघं लागतात, आणि दोघं मिळून सहसा काही फेकत नाहीत. पेटीवर स्टिकर खुशाल लावा, पण त्याआधी जाड मार्करनं चारही बाजूंना हिंदी, मराठी आणि कन्नडमध्ये लिहा: “वजन ४० किलो, दोघांनी उचला”. कन्नड भावाकडून व्हॉट्सॲपवर मागवा. “नाजूक” हे तुमच्या काळजीचं असतं. “४० किलो” हे वाचणाऱ्याच्या कमरेच्या काळजीचं. तो दुसरं वाचतो.

पैशांची एक शंका तुमच्या मनात आली असेल: एवढी मोठी पेटी म्हणजे भाडंही मोठं? कुरियरवाले आकारावरूनही वजन काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायची. खरं वजन आणि हे वजन, जे जास्त असेल त्याचे पैसे. तुमची पेटी ६५ बाय ५० बाय ४५ धरली तर आकाराचं वजन येतं सुमारे २९ किलो. खरं वजन त्याहून जास्तच आहे. म्हणजे फोमची जागा तुम्हाला फुकट पडते. जड वस्तूच्या बाबतीत खोका लहान करून पैसे वाचवायला जाऊ नये ते यासाठीच. रस्त्यानं माल नेणाऱ्यांचा भागाकार वेगळा असू शकतो, तो आधी विचारून घ्या.

आता “इन्शुरन्स काढा आणि निवांत झोपा”. कागद वाचल्याशिवाय झोपू नका. अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान भरून मिळत नाही, ही अट जवळपास सगळीकडे असते. बाहेर काही खूण नसताना आतलं यंत्र बिघडलं तर तेही पुष्कळदा वगळलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या त्या नव्या कोऱ्या खोक्याचं नेमकं तेच झालं. शिवाय अण्णांनी बांधलेल्या यंत्राचं बिल कुठून आणणार? ट्रान्सपोर्टनं पाठवलंत तर रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम लागू होतात. मालाची किंमत आधी जाहीर करून त्याप्रमाणे जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. १५०० रुपये भाडं दिलंत तर १५ हजार. पावतीवर “ओनर्स रिस्क” (जोखीम मालकाची) छापलंय का तेही बघा. किंमत जाहीर करा, पावतीवर लिहून घ्या, बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवा. पेटीत एक साधं पत्र टाका आणि त्याची प्रत बाहेर चिकटवा: घरगुती वापरातली जुनी वस्तू, विक्रीसाठी नाही, पाठवणारी अमुक, घेणारा तमुक. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल नेण्याचा सरकारी ऑनलाइन परवाना) लागत नाही, पण नाक्यावर विचारणाऱ्याला हे पत्र दाखवता येतं. आणि भावाला सांगा, पेटी दबलेली किंवा ओली दिसली तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहायचं, मग व्हिडिओ चालू ठेवून उघडायची. सही करून मागाहून केलेल्या फोनचा फारसा उपयोग होत नाही.

पण ताई, हे सगळं लिहिताना माझं लक्ष तुमच्या एका वाक्याकडे सारखं जात होतं: “यंदाच्या गणपतीत”. म्हणजे ऐन पावसात. पुठ्ठा ओलाव्यानं निम्मा जीव सोडतो. कोरडा असताना जो खोका वर माणूस उभा राहिला तरी सोसतो, तोच दमट गोडाऊनमध्ये चार दिवस राहिला की कोपऱ्यात बसतो. गणपतीनंतर दसरा-दिवाळीच्या खरेदीची गर्दी, तेव्हा सगळी गोडाऊनं तुंबलेली. माझं मत विचाराल तर दिवाळी उलटू द्या. यंदाच पाठवायचं असलंच तर यंत्राला जाड प्लास्टिकची पिशवी आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या मूठभर पुड्या एवढं तरी करा.

दुसरं म्हणजे, हे कुरियरनंच का जायला हवं? पुणे-बेंगळूरु हमरस्ता कराडच्या दारातून जातो. भाऊ गाडी घेऊन आला तर पेटीची गरजच नाही. व्हॉल्व्ह काढून, यंत्र जुन्या घडी घातलेल्या गोधडीवर मागच्या सीटसमोरच्या जागेत घट्ट बसवलं की झालं. दोनदा उचलायचं, तेही घरच्याच हातांनी. ट्रॅव्हल्सच्या डिकीचा मोह काही वाचकांना होईल. माझा अनुभव मिश्र आहे. चढ-उतार कमी होते हे खरं, पण डिकीत शेजारी काय येऊन पडेल याचा नेम नाही. एकदा माझा टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आंब्याच्या पेट्यांखाली सापडला. भावाला हा पर्याय तुम्ही विचारलात का? तुमच्या पत्रात “त्यानं मागितलं” आहे, “मी पाठवते” आहे, पण “तू येतोस का” कुठेच नाही. त्याला सुट्टी नसेल, गाडी नसेल, सगळं शक्य आहे. विचारा तरी.

आणि “काय तोंड दाखवू” याविषयी. वाटेतली जोखीम एकट्या तुमची कशी झाली? यंत्र दोघांच्या वडिलांचं, हवंय त्याला, आणि फुटलं तर दोष तुमचा? पाठवायच्या आधीच फोनवर बोलून घ्या: असं बांधतेय, एवढा खर्च आहे, तरीही दहा टक्के भीती आहेच, चालेल का? दहा टक्के हा आकडा माझ्या मनचा आहे, पण बोलणं त्यानं सुरू होतं. सुताराचे आणि भाड्याचे पैसे त्याला अर्धे देऊ द्या. खर्चात वाटा असला की जोखमीतही असतो.

त्याच बोलण्यात आणखी एक ठरवा: या यंत्रात पुन्हा न मिळणारं काय आहे? ईएल-३४ जातीचे मोठे व्हॉल्व्ह आजही नवे बनतात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये. कपॅसिटर बदलता येतात. ट्रान्सफॉर्मर जळला तरी पुन्हा भरून मिळतो. तुम्ही लिहिलंय की पुढच्या पट्टीवर अण्णांनी ऑइलपेंटनं “माईक १”, “माईक २” आणि “रेकॉर्ड” असं लिहिलंय, आणि “रेकॉर्ड”मधला “र्ड” जागा न पुरल्यामुळे खाली उतरलाय. तो “र्ड” पुन्हा कुणाला काढता येणार नाही. पट्टी चार स्क्रूंवर असेल तर नॉब काढून ती वेगळी करा आणि दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये मऊ कापडात ठेवा. तीही व्हॉल्व्हबरोबर कुणाच्या तरी हातातून जाऊ दे. किंवा राहू दे तुमच्याकडेच, भावाची हरकत नसेल तर.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात, कारण अशी पत्रं नेहमी येतात. टर्नटेबल पाठवताना जड तबकडी काढून वेगळी बांधा. ती तशीच ठेवली तर हादऱ्यांनी मधल्या दांड्याचं बेअरिंग खराब होतं. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, दोऱ्यानं बांधा, मागचं वजन आणि पुढची सुई काढा. जुन्या काचेच्या टीव्हीचं सगळं वजन पडद्याकडे असतं, म्हणून तो जाड फोमवर तोंड खाली करून जाऊ द्या. आजचा सपाट टीव्ही मात्र नेहमी उभा; आडवा ठेवलात की त्याच्या पोटावर कुणीतरी बसलंच. कॉम्प्युटरमधलं जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं द्या, ते आपल्याच वजनानं बोर्डाची खाच तोडतं. इन्व्हर्टर पाठवताना बॅटरी सोबत पाठवू नका, ती तिथेच नवी घ्या. परदेशी लाकडी पेटी जाणार असेल तर साधं लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का असलेलं लागतं, नाहीतर बंदरात अडकतं. प्लायला ही अट नाही, म्हणून मुलांकडे अमेरिकेला सामान पाठवणाऱ्यांनी पट्ट्यासुद्धा प्लायच्याच कराव्यात.

ताई, पेटी पोचल्यावर भाऊ लगेच बटण दाबेल, गणपतीची घाई असेल तर नक्कीच. त्याला आधीच सांगून ठेवा. पेटी उघडून एक दिवस घरात राहू दे. व्हॉल्व्ह आकड्याप्रमाणे बसवायचे. पहिल्यांदा सुरू करताना ओळखीच्या मेकॅनिकला बोलवून शंभर वॉटच्या जुन्या, तारेच्या बल्बच्या सिरीज लॅम्पवर, म्हणजे विजेच्या वाटेत मध्ये बल्ब जोडून, लावायचं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच भगभगीत राहिला तर बंद. आणि मेन्स चालू करण्याआधी स्पीकरची वायर जोडायची. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालवला तर एवढा जपून नेलेला ट्रान्सफॉर्मर बेंगळूरुच्या हॉलमध्ये जळायचा.